स्फटिकातली रिकामी जागा

नमस्कार, श्रोतेहो.

नाशिक, जळगाव, पुणे या पट्ट्यात विहीर खणताना किंवा खाणीत काळा पाषाण फोडताना आतल्या पोकळीत पांढरे, गुलाबी स्फटिक सापडतात. त्यांतले स्टिलबाइट, ह्यूलँडाइट हे झिओलाइट कुळातले. सिलिकॉन, अ‍ॅल्युमिनियम आणि ऑक्सिजनची जाळी, आणि तिच्यात लहान रेणू ये-जा करतील असे बोगदे, ही या कुळाची ओळख. मला मात्र आज बोलायचं आहे ते प्रयोगशाळेत घडवलेल्या जाळीबद्दल, आणि तिच्यातल्या दोषांबद्दल.

सिलिकॅलाइट हे उदाहरण घेऊ. रसायनशास्त्रज्ञ एडिथ फ्लॅनिजेन आणि सहकाऱ्यांनी 1978 मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. यात अ‍ॅल्युमिनियम नाही, सगळी जाळी सिलिकाची, म्हणजे सिलिकॉन आणि ऑक्सिजनची. बोगद्यांची रुंदी साधारण साडेपाच अँगस्ट्रॉम, आणि एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग. प्रत्येक सिलिकॉन चार ऑक्सिजनना धरून असतो. आता त्यातला एखादा सिलिकॉन जागेवर नाही असं समजा. चार ऑक्सिजनचा एकेक हात मोकळा राहतो आणि प्रत्येक जण एकेक हायड्रोजन धरतो. त्या खड्ड्यात चार ओएच गट समोरासमोर येतात. एवढ्या जवळ आल्यावर एकाचा हायड्रोजन शेजारच्याच्या ऑक्सिजनकडे ओढला जातो. हाच हायड्रोजन बंध. सिलिकॉनला जोडलेल्या ओएच गटाला सिलॅनॉल म्हणतात, म्हणून अभ्यासक या जागेला सिलॅनॉलचं घरटं म्हणतात.

ते ओळखायचं कसं? नमुना तापवून, निर्वातात कोरडा करून त्याचा इन्फ्रारेड वर्णपट घ्यायचा, म्हणजे त्यातले बंध कोणत्या कंपनांचा इन्फ्रारेड प्रकाश शोषतात ते पाहायचं. एकट्या ओएच गटाची रेषा 3740 प्रति सेंटीमीटरच्या (हे कंपनाचं माप) आसपास, सुईसारखी टोकदार येते. घरट्यातल्या गटांची मात्र 3500 च्या जवळ पसरट टेकडी दिसते. हायड्रोजनला दोन्हीकडून ओढ असल्यामुळे मूळचा बंध सैल पडतो आणि त्याचं कंपन मंदावतं. एका वर्णपटात इतकं उघड बोलणारा दोष मला तरी दुसरा माहीत नाही.

हे दोष येतात कुठून, हे समजणं मला फार महत्त्वाचं वाटतं. स्फटिक वाढवताना साचा म्हणून टेट्राप्रोपिलअमोनियमचा धनभारित आयन घालतात. शुद्ध सिलिकाची जाळी मुळात भाररहित, मग हा धनभार फेडायचा कोणी? त्यासाठी जाळीच एखादा दुवा तोडून ऋणभारित ऑक्सिजन देते, आणि आजूबाजूचे सिलॅनॉल हायड्रोजन बंधांनी त्याला सावरून धरतात. पुढे भट्टीत साचा जळून जातो, पण दोष बऱ्याच अंशी मागे राहतो. हीच घडण फ्लोराइडच्या माध्यमात केली तर भार फ्लोराइड सांभाळतं, जाळी जवळपास निर्दोष होते आणि पाण्याला जवळ करत नाही. घरट्यांची जाळी मात्र पाणी धरून ठेवते, आणि गरम पाण्यात तिची झीज बरेचदा तिथूनच सुरू होते.

तरीही या दोषाला सरसकट वाईट म्हणायला मी तयार नाही. नायलॉन-6 ज्यापासून बनतो ते कॅप्रोलॅक्टम करताना जुन्या पद्धतीत तीव्र सल्फ्युरिक आम्ल लागतं, आणि टनामागे टनाहून अधिक अमोनियम सल्फेट गळ्यात पडतं. जपानच्या सुमितोमो केमिकलने 2003 मध्ये हाच टप्पा जवळजवळ शुद्ध सिलिकाच्या झिओलाइटवर, वायुरूपात सुरू केला. आम्ल गेलं, त्यासोबत सल्फेटही गेलं. आणि तिथे काम करतात ते हायड्रोजन बंधांनी जोडलेले सिलॅनॉल गट, असं बहुतेक अभ्यासक मानतात.

बीटा नावाच्या झिओलाइटमध्ये तर घरटी मुद्दाम पाडतात. नायट्रिक आम्लाने अ‍ॅल्युमिनियम काढायचं आणि मोकळ्या जागी कथिल बसवायचं. हे कथिल पाण्यातल्या ग्लुकोजचं फ्रुक्टोज करतं. पण जी घरटी भरायची राहिली, त्यांत पाणी साचतं आणि क्रियेचा वेग उतरतो. म्हणून कथिल बसवल्यावर पुन्हा वर्णपट घ्यायचा, आणि 3500 जवळची ती टेकडी किती खाली आली ते पाहायचं.