'पायलट' म्हणजे फक्त वैमानिक नव्हे

(दृश्य: टेबलावर उघडी वही. शेजारी टीव्हीच्या पडद्यावर काठी टेकत चालणारा एक डॉक्टर.)

ह्यू लॉरी वॉज बॉर्न इन ऑक्सफर्ड इन 1959.

ह्यू लॉरी हा ब्रिटिश नट. त्याच्याबद्दलचं हे इंग्रजी वाक्य छोटंसं आहे, पण मराठी बोलणारा हमखास ठेचकाळतो तो इथेच. आपण 'जन्मला' असं एका शब्दात म्हणतो, त्यामुळे तोंडून 'ही बॉर्न इन' निघून जातं आणि मधला 'वॉज' गळतो. पुढचं वाक्य शिक्षणाचं. 1981 साली लॉरी केंब्रिजमधून पदवीधर झाला. हे सांगायला आपल्याकडे सर्रास 'पास्ड आउट' वापरतात. इंग्लंडमधल्या माणसाला त्यातून पहिल्यांदा ऐकू येईल ते 'बेशुद्ध पडला'. तिथे म्हणायचं 'ग्रॅज्युएटेड फ्रॉम केंब्रिज', आणि त्यातला 'फ्रॉम' खायचा नाही.

शब्द शिकण्यासाठी टीव्ही नटांच्या गोष्टी सोयीच्या पडतात, कारण त्या बहुतेक एकाच वाटेने जातात: जन्म, शिक्षण, ऑडिशन, नकार, मोठी भूमिका, पुरस्कार. तीन-चार नटांची माहिती वाचली की तेच शब्द पुन्हा पुन्हा भेटू लागतात. गंमत म्हणजे त्यांतले फसवे शब्द अवघड नसतात. ते पाचवीतच पाठ झालेले असतात, म्हणून कोणी शब्दकोश उघडत नाही.

(दृश्य: वहीत एकाखाली एक शब्द: प्ले, पार्ट, लीड, लँड, कास्ट, रन, पायलट.)

लॉरीचीच गोष्ट घेऊ. विद्यार्थी असताना तो नौका वल्हवायचा. 1980 च्या ऑक्सफर्ड-केंब्रिज शर्यतीत तो केंब्रिजच्या नावेत होता आणि केंब्रिज अवघ्या पाच फुटांनी हरलं: 'लॉस्ट बाय फाइव्ह फीट'. मराठीत 'नी' हा प्रत्यय जे काम करतो, ते इथे 'बाय' करतो. वल्हवण्याला शब्द 'रो'. स्पेलिंग तेच ठेवून उच्चार 'राउ' केला, तर अर्थ होतो भांडण. पुढे आजारपणामुळे त्याने वल्हवणं सोडलं, 'गेव्ह अप रोइंग', आणि अभिनय धरला, 'टुक अप ॲक्टिंग'. ही जोडी एकत्रच लिहून ठेवा, सोडणं आणि धरणं एकमेकांच्या आधाराने लक्षात राहतात.

आता 2004. एका चित्रपटाच्या चित्रीकरणासाठी लॉरी नामिबियात होता. 'हाऊस' या अमेरिकन मालिकेसाठी त्याने ऑडिशनची टेप हॉटेलच्या न्हाणीघरात केली, कारण पुरेसा उजेड तिथेच होता. हातात संहितेची थोडीच पानं होती, त्यामुळे मुख्य पात्र विल्सन नावाच्या डॉक्टरचं असणार, असा त्याचा समज झाला. इंग्रजीत हे असं येईल: 'ही थॉट विल्सन वॉज द लीड'. आपण ज्याला 'हिरो' म्हणतो तो इथे 'लीड'. आपला 'साइड रोल' तिथे 'सपोर्टिंग रोल', आणि नट पाठ करतो ते आपले 'डायलॉग' म्हणजे त्यांच्या 'लाइन्स'.

मुख्य पात्र होतं डॉक्टर हाऊसचं, आणि ती भूमिका त्याला मिळाली: 'ही लँडेड द पार्ट'. इथे जमिनीचा संबंध नाही आणि 'पार्ट' म्हणजे तुकडाही नाही. 'ही वॉज कास्ट ॲज डॉक्टर हाऊस' म्हणजे या पात्रासाठी त्याची निवड झाली. 'कास्टेड' म्हणू नका, 'कास्ट'चं भूतकाळी रूपही 'कास्ट'च. 'ही प्लेड अ डॉक्टर' म्हणजे त्याने डॉक्टर साकारला. 'ही डिड द रोल ऑफ अ डॉक्टर' हे मराठीतून उचललेलं वाक्य, कळतं पण कानाला खटकतं. मालिका ठरवण्याआधी नमुन्यादाखल काढलेला भाग तो 'पायलट', त्याचा विमानाशी संबंध नाही. आणि 'द शो रॅन फॉर एट सीझन्स' म्हणजे ती 2012 पर्यंत, आठ सीझन, एकूण 177 भाग चालली. ज्याला अमेरिकन माणूस 'सीझन' म्हणतो, त्याला ब्रिटिश बहुधा 'सिरीज' म्हणतो. एक असो की दोन, शब्द 'सिरीज'च.

(दृश्य: जुन्या मालिकेतला टोकदार कानांचा परग्रहवासी.)

'टाइपकास्ट' या शब्दासाठी लेनर्ड निमॉय हा अमेरिकन नट हवा. 'स्टार ट्रेक' मालिकेतला हा परग्रहवासी, स्पॉक, त्याला असा चिकटला की 1975 साली त्याने आत्मचरित्राला नाव दिलं 'आय ॲम नॉट स्पॉक'. वीस वर्षांनी दुसरं आलं, 'आय ॲम स्पॉक'. एवढं ऐकल्यावर 'टाइपकास्ट'चा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

(दृश्य: घड्याळ, वही, आवाज ध्वनिमुद्रित करणारा मोबाइल.)

आता प्रत्यक्ष काम. आधी मराठीतून थोडाफार माहीत असलेला नट निवडा. त्याच्यावरचा दोन-अडीचशे शब्दांचा इंग्रजी मजकूर घ्या. शंभर शब्दांत चार-पाचपेक्षा जास्त अडले तर तो बाजूला ठेवून सोपा शोधा, नाहीतर गोष्ट हरवते आणि हातात शब्दांची यादी उरते. पहिल्या वाचनात पेन उचलू नका. दुसऱ्यात आठच जागा खुणावा, आणि त्यांत निदान चार 'ओळखीचे' शब्द असू द्या.

वहीत सुटा शब्द लिहू नका. 'लँड = मिळवणे' असं लिहिलं, की पुढे 'लँडेड अ फीवर'सारखी वाक्यं तयार होतात. 'लँडेड द पार्ट' असा अख्खा तुकडा उतरवा, खाली नटाचं नाव. 'ऑडिशन फॉर', 'स्टार इन', 'नॉमिनेटेड फॉर' हे तुकडे मागच्या छोट्या शब्दासकट हवेत.

गॉसिपच्या बातम्या मात्र सुरुवातीला टाळा. त्यांच्या मथळ्यांत 'स्लॅम्स' (झोडपतो), 'स्टन्स' (थक्क करतो) असे भडक शब्द असतात. बोलताना ते वापरले तर समोरचा हसेल.

मग वही मिटा, मोबाइल सुरू करा आणि तीच गोष्ट साठ सेकंदांत इंग्रजीत सांगा. दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगा, मग चौथ्या, दहाव्या आणि तिसाव्या दिवशी. दर वेळी आधी आठवून, वही त्यानंतर. अडलेला तुकडा लाल करा, आठांतले बहुधा दोन-तीनच हट्टी निघतात.

रेकॉर्डिंग ऐकताना सगळं तपासत बसू नका. पहिल्या वाक्यात 'वॉज' ऐकू येतो का, तेवढं आधी बघा.