कानातला खडा

श्रोतेहो, नमस्कार.

एकदा पस्तावलो की आपण म्हणतो, ‘आता कानाला खडा!’ पण खडे कानाच्या आतही असतात आणि ते आपण लावलेले नसतात. आतल्या कानात कॅल्शियमचे अगदी बारीक, धुळीसारखे कण असतात. डोकं कललं की ते सरकतात आणि खाली कुठे, वर कुठे हे मेंदूला कळतं. लिफ्टमध्ये डोळे मिटून उभे राहा. वर निघालोय की खाली, हे कळतं ते या खड्यांमुळे. शास्त्रात त्यांना ऑटोलिथ म्हणतात. २००२ साली लंडनमधल्या दोघा कलावंतांनी आपल्या जोडीला हेच नाव दिलं, द ऑटोलिथ ग्रुप. त्यातल्या एक अंजलिका सागर, दुसरे कोडवो एशून. आजचं बोलणं एशून यांच्याबद्दल आहे. खरं तर त्यांनी ज्या संगीताला कान लावला, त्याबद्दल.

एशून घानाच्या कुटुंबातले, जन्म लंडनचा, ऑक्सफर्डला इंग्रजी साहित्य शिकलेले. कोडवो हे नाव घानाच्या किनाऱ्यावरच्या फांटी लोकांत सोमवारी जन्मलेल्या मुलाला ठेवतात. आपल्याकडे सोम्या, मंगळ्या, बुध्या असतात ना, त्यातलाच प्रकार. नव्वदच्या दशकात ते मासिकांतून संगीतावर लिहीत होते. १९९८ मध्ये त्यांचं ‘मोअर ब्रिलियंट दॅन द सन’ हे पुस्तक आलं. ते उघडल्यावर पहिला धक्का बसतो तो पानांच्या आकड्यांचा. प्रस्तावनेची पानं उणे आकड्यांत मोजलेली आहेत. रॉकेट सुटण्याआधीची उलटी मोजणी असावी, असं मला तरी वाटतं.

त्यांची तक्रार साधी होती. काळ्या माणसाचं संगीत आलं की लिहिणाऱ्यांच्या लेखणीतून तेच ते शब्द पाझरायला लागतात: आत्मा, वेदना, रस्ता, अस्सलपणा. जणू गाणं म्हणजे हुंदका, आणि हुंदक्याला कुठे डोकं असतं? एशून म्हणाले, अहो, तबकडी हातात तर घ्या. तिच्यावरचं चित्र बघा, गाण्यांची नावं वाचा, मागची बारीक अक्षरं वाचा, कुठलं यंत्र वापरलंय ते बघा. त्या संगीतात आधीच सिद्धान्त आहे, आणि तो सांगायला प्राध्यापकाची गरज नाही. चित्र, नाव, यंत्र आणि आवाज मिळून जी विज्ञानकथा तयार होते, तिला त्यांनी शब्द दिला ‘सोनिक फिक्शन’. आपण ध्वनिकथा म्हणू. स्वतःला ते विचारवंत म्हणवून घ्यायचे नाहीत. संकल्पनांचा इंजिनियर म्हणवायचे. हे ऐकायला जरा शेखी मिरवल्यासारखं वाटतं, मान्य. पण आता त्यांनी सांगितलं तसं थोडं ऐकून बघू.

जमैकातलं किंग्स्टन शहर. तिथे ऑस्बोर्न रडक नावाचा एक माणूस रेडिओ, ट्रान्सफॉर्मर, ॲम्प्लिफायर दुरुस्त करायचा. लोक त्याला किंग टबी म्हणत. आपल्या रेडिओवाल्यांना जवळचा वाटावा असाच माणूस, हातात सोल्डरिंगची कांडी घेतलेला. त्या काळी तिथल्या रेगे नावाच्या संगीताच्या तबकडीच्या दुसऱ्या बाजूला तेच गाणं गायकाच्या आवाजाविना असायचं. त्याला ‘व्हर्जन’ म्हणत. मैदानात भलेमोठे स्पीकर रचून नाच व्हायचे आणि त्या व्हर्जनवर निवेदक स्वतःचं काहीबाही बोलायचा. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला टबी या व्हर्जनशी खेळायला लागला. त्याच्याकडे चार ट्रॅकचं जुनं मिक्सर होतं. गायकाचा आवाज अर्ध्या शब्दावर तोडायचा. तो अर्धा शब्द प्रतिध्वनीत सोडून द्यायचा. मग तो उसळत, विरत, परत येत राहतो. तेवढ्यात गिटार गायब. नुसता ढोल आणि बेस. बेस तर असा की छातीच्या फासळ्यांना ऐकू येतो, कानाला नंतर.

मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हेडफोनची पिन सैल झालीय असं वाटलं. दोनदा काढून फुंकर मारून परत घातली. पिन ठीक होती, गाण्यातच माणूस नाहीसा होत होता. यालाच डब म्हणतात. इथे वादक कोण? मिक्सरच. एशून यांना हेच म्हणायचं होतं: या संगीताचा जीव खटक्यांत आणि तारांत आहे, तिथे ऐका. याच शहरात ली ‘स्क्रॅच’ पेरीने घरामागे ‘ब्लॅक आर्क’ नावाचा स्टुडिओ बांधला होता. आर्क म्हणजे नोहाची नौका म्हणा किंवा पवित्र पेटी म्हणा. नावातच प्रवास आला.

नावावरून आठवलं. अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या बर्मिंगहॅम गावी १९१४ मध्ये हर्मन ब्लाउंट जन्मला. काळे-गोरे वेगळे ठेवणारं गाव. दुसऱ्या महायुद्धात सैन्यात जायला नकार दिला म्हणून त्याने तुरुंगही पाहिला. पुढे शिकागोत त्याने कायद्याने नाव बदललं आणि तो सन रा झाला. रा हा प्राचीन इजिप्तचा सूर्यदेव. विचारलं तर सांगायचा, मी शनीवरून आलोय. आपल्याकडे शनी मागे लागतो, साडेसाती येते, तेल वाहावं लागतं. हा गडी थेट तिथला रहिवासीच झाला! लोक हसले. पण जरा विचार करा. ज्या गावाने तुला माणसात धरलं नाही, त्याच गावाचा म्हणून ओळख का सांगायची? सन राने आपला बँड जवळजवळ चाळीस वर्षं चालवला, झगमगीत अंगरखे घालून, स्वतःच्या कंपनीच्या तबकड्यांची वेष्टणं कधीकधी हाताने रंगवून. मरेपर्यंत त्याने शनीचा पत्ता बदलला नाही.

अशा साऱ्या कल्पनांना १९९३ मध्ये मार्क डेरी या अमेरिकन समीक्षकाने अफ्रोफ्युचरिझम हे नाव दिलं, म्हणजे काळ्या माणसांच्या नजरेतलं भविष्य. तेव्हा लंडनमध्ये आणि न्यूयॉर्कमध्ये अनेक जण एकच गोष्ट आपापल्या परीने बोलत होते. परग्रहवासी येतात, माणसं पळवतात, अनोळखी धातूच्या पोटात कोंबून नेतात, भाषा काढून घेतात, शरीरावर खुणा करतात. ही विज्ञानकथा आहे? आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर हे तीनशेहून जास्त वर्षं चाललं होतं. परग्रहवासी कधीच येऊन गेलेत. आणि ‘रोबो’ हा शब्द तरी कुठला? १९२० च्या एका चेक नाटकातला, ‘रोबोटा’वरून आलेला. रोबोटा म्हणजे वेठबिगारी. डेट्रॉइटसारख्या मोटारींच्या शहरात वाढलेल्या काळ्या मुलांनी ऐंशीच्या दशकात टेक्नो हे यंत्रांवरचं नाचाचं संगीत काढलं आणि रोबोची बाजू घेतली, यात नवल ते काय!

त्याच डेट्रॉइटमध्ये ड्रेक्सिया नावाची जोडी होती. चेहरे दाखवायची नाही, मुलाखती फारशा द्यायची नाही. १९९७ च्या त्यांच्या एका संग्रहात छोटासा मजकूर छापला होता. त्यात प्रश्न होता: आईच्या पोटात मूल पाण्यातच जगतं, मग गुलामांच्या जहाजावरून ज्या गरोदर बायकांना समुद्रात फेकलं, त्यांची मुलं पाण्यातच श्वास घ्यायला शिकली असतील तर? अटलांटिकच्या तळाशी त्यांचं एक राष्ट्र असेल तर? एवढंच. बाकी गाण्यात शब्द जवळपास नाहीत, नुसती यंत्रं, ओली, बुडबुडणारी, अंगावर येणारी.

ही कल्पना हवेतली नाही. १७८१ मध्ये झाँग नावाच्या इंग्रजी जहाजावरून १३० हून जास्त जिवंत आफ्रिकनांना समुद्रात ढकललं गेलं. कारण सांगितलं, पिण्याचं पाणी संपत आलंय. मालकांनी नंतर विम्याचा दावा केला, माणशी ३० पौंड. १७८३ मध्ये लंडनच्या कोर्टात खटला चालला तो खुनाचा नव्हता. माल बुडाला, भरपाई कुणी द्यायची, एवढाच वाद. एशून आणि सागर यांनी २०१० मध्ये जी फिल्म केली तिच्यात ड्रेक्सियाचं पाताळराष्ट्र आणि झाँगचा हिशोब शेजारीशेजारी ठेवलाय. विमा म्हणजे पुढे काय होईल याची किंमत आजच ठरवणं. त्या माणसांचं भविष्य आधीच विकून झालं होतं.

२००३ च्या एका निबंधात एशून यांनी हे थेट मांडलं. निबंध सुरू होतो तो भविष्यातल्या आफ्रिकन पुरातत्त्वज्ञांपासून. ते उत्खननात आपल्या काळातलं एक संग्रहालय उकरून काढतात आणि आमच्या पूर्वजांनी आपली स्मृती जपायला किती सायास केले, म्हणून थक्क होतात. मग एशून आजच्या बाजाराकडे वळतात. बँका, सल्लागार, हवामानाचे आणि रोगांचे अंदाज, सगळे भविष्य विकतात, आणि आफ्रिकेच्या वाट्याला येतो तो कायम अंधाराचा अंदाज. जो अंदाज बांधतो, तो सत्ता गाजवतो.

आता माझं मत. एशून यांचं पहिलं पुस्तक वाचायला अवघड आहे. पानोपानी नवे शब्द घडवलेत, आणि काही ठिकाणी शब्दांचाच डब झालाय. शिवाय ‘रस्ता’ इतका झिडकारणं मला पटत नाही. किंग टबीला १९८९ मध्ये त्याच्या घराबाहेर गोळी घालून मारलं. तो रस्ता खराच होता. पण त्यांच्या चिडण्यातलं मर्म मला ओळखीचं वाटतं. मुंबईत १९७२ मध्ये दलित पँथर उभी राहिली, तिने नाव घेतलं अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून. त्यानंतर दलित आत्मकथनं आली आणि आपण मराठी वाचकांनी त्यांना मान दिला, मात्र ‘जळजळीत अनुभव’ म्हणून. दलित लेखकाने परग्रहावरची गोष्ट लिहिली तर आपल्यातले किती जण ‘पण यात तुमचं जगणं कुठंय?’ असं विचारतील? मीही विचारलं असतं, खोटं कशाला बोला.

एशून आणि सागर यांच्या पहिल्या फिल्ममधली निवेदिका बाविसाव्या शतकातली आहे. तोवर अवकाशात राहून राहून माणसांच्या कानातले खडे निकामी झालेत, त्यांना पृथ्वीवर उभंच राहता येत नाही. म्हणून ती आपल्या काळातल्या जुन्या फिती बघत बसते. त्यात अंजलिका सागर यांच्या आजी आहेत. भारतातल्या महिला चळवळीतल्या या बाई मॉस्कोला अंतराळवीर व्हॅलेंटिना तेरेश्कोव्हाला भेटल्या होत्या. म्हणजे आजीची आठवण हाच पुढच्या शतकाचा दस्तऐवज.

जाता जाता एक यंत्र. १९८१ मध्ये जपानच्या रोलँड कंपनीने टीबी-३०३ नावाची चंदेरी डबी काढली. बेस गिटार वाजवणारा सोबतीला नसेल तर ही वाजेल, अशी कल्पना. आवाज गिटारसारखा अजिबात यायचा नाही. दोन-तीन वर्षांत उत्पादन बंद, डब्या सेकंडहँडच्या दुकानात. शिकागोतल्या तीन पोरांनी एक स्वस्तात आणली. नीट वाजवता येईना म्हणून नुसते खटके पिळत बसले. ती डबी किंचाळली, गुरगुरली, चिखलात रुतलेला पाय उपसावा तशी चुळचुळली. १९८७ मध्ये त्या आवाजाची तबकडी आली आणि ॲसिड हाऊस नावाचं संगीत जन्मलं. ही एशून यांची लाडकी गोष्ट: माणसाने यंत्र चुकीचं वापरलं आणि यंत्राने त्याला नवं काहीतरी शिकवलं.

पण त्याआधी पाच वर्षं, १९८२ मध्येच, मुंबईतल्या हिंदी सिनेसंगीतातले एक वादक, चरणजित सिंग, तीच ३०३ आणि तिची जोडीदार ताल देणारी ८०८ घेऊन स्टुडिओत गेले होते. त्यांनी त्यावर दहा राग लावले, डिस्कोच्या ठेक्यावर. तबकडी फारशी कुणी घेतली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली तेव्हा परदेशातले जाणकार चक्रावले, हे तर ॲसिड हाऊस! सिंग सत्तरी ओलांडल्यावर युरोपात वाजवून आले. २०१५ मध्ये मुंबईत वारले. शिकागोच्या पोरांना ते ठाऊक नव्हते, त्यांना शिकागो ठाऊक नव्हतं. दोघांत समाईक होती ती डबी.

तीच तबकडी आता लावतोय. पहिलाच राग भैरव. आवाज थोडा वाढवा, बेस कमी असेल तर रेडिओ भिंतीच्या कोपऱ्यात सरकवा. भैरव पहाटेचा आणि आत्ता रात्रीचे साडेनऊ वाजलेत, हे मला माहीत आहे. डबीला ते कुणी सांगितलेलं नाही.