अनोळखी तळं आणि दोन वाव दोरी

नमस्कार श्रोतेहो. डॅलस-फ्रिस्कोकडच्या आपल्या मंडळींचा एक प्रश्न ठरलेला असतो: क्रॉपी नावाचा गोड्या पाण्यातला मासा गरवायला लेक फोर्कला जायचंय, पहिल्यांदाच, सुरुवात कुठून करायची? आधी नाव. स्पेलिंग बघून क्रॅपी म्हणालात तरी आमिषाच्या दुकानात कुणी रागावत नाही, पण कानावर क्रॉपीच जास्त पडेल.

लेक फोर्क हा टेक्सासमधला, १९८० साली धरण होऊन तयार झालेला जलाशय, २७ हजार एकरांहून मोठा. पाणी भरताना बरीच झाडं उभीच ठेवली. त्यामुळे क्रॉपीला दडायला जागा भरपूर, आणि बोटीचा प्रॉपेलर मोडायलाही. पाण्यावर तरंगणाऱ्या खुणांनी, म्हणजे बॉयांनी, आखलेली वाट सोडलीत की वेग उतरवा. एवढं पाणी एका दिवसात फिरून होत नाही, फिरूही नका. घरीच नकाशा उघडा, एक पूल निवडा, ओढ्याचा एक फाटा निवडा, आणि त्यांच्या जवळचा रॅम्प, म्हणजे बोट पाण्यात उतरवायचा उतार. एक पूल, एक फाटा. तळाशी बुडवलेले फांद्यांचे ढीग कुठे आहेत त्याचे जीपीएस आकडे टेक्सास पार्क्स अँड वाइल्डलाइफ खातं देतं, ते फोनमध्ये घालून ठेवा. वारा ताशी १५ मैलांच्या वर असेल तर दिवस बदला. बोट एका जागी राहत नाही, मग मासाही लागत नाही.

मासा कुठे ते पाण्याचं तापमान ठरवतं. ६० ते ६८ फॅरनहाइटला तो अंडी घालायला काठाशी येतो, दोन ते सहा फुटांत. त्याआधी ओढ्याच्या तोंडाशी, आठ ते पंधरा फुटांत. उन्हाळ्यात पुलाचे खांब आणि फांद्यांचे ढीग. हिवाळ्यात जुन्या ओढ्याचं खोल पात्र.

सामान थोडंच. चार ते सहा पौंडी दोरी, १/१६ औंसाचं जिग, म्हणजे शिशाच्या डोक्याचा गळ, वाऱ्याला १/८. मिनो, म्हणजे आमिषाचे छोटे मासे, जिवंत लावणार असाल तर पातळ तारेचा चार नंबरचा गळ. तो फांदीत अडकला की हळूहळू ओढा, सरळ होऊन सुटतो, मग पक्कडीने परत वाकवा. दोघांना चार डझन मिनो पुरतात. बादलीत नळाचं पाणी घालू नका, क्लोरीनने मरतात. आणि पाण्याखालचे मासे पडद्यावर दाखवणारी ती हजारो डॉलरची सोनार यंत्रं पहिल्या फेरीला घेऊ नका. दिवसभर पडद्याकडेच बघायचं तर घरी टीव्ही आहे की.

आता ऐका मालवणच्या काकांची गोष्ट. मुलाकडे आले होते, मे महिना, बरोबर काकू. मुलाने बोट भाड्याने घेतली, पुलाच्या खांबाला बांधली. पाणी बावीस फूट. मुलाने शिसाची गोळी लावली आणि गळ थेट तळाला सोडला. दोन तासांत तीन जिगं फांद्यांत गेली, मासा शून्य. बॉबर, म्हणजे दोरीवरचा तरंगता गोळा, होता, पण ठरलेल्या खोलीला दोरी अडवणारा त्याचा स्टॉपर घरी राहिला होता.

पलीकडच्या खांबापाशी एक म्हातारा अमेरिकन एकामागून एक मासे काढत होता. मुलगा त्याच्या जिगचा रंग बघत बसला. काका बघत होते त्याचा हात. दोरी किती सोडतो, ते. थोड्या वेळाने म्हणाले, "अरे, हो दोनच वाव सोडता."

वाव म्हणजे दोन्ही हात पसरले की या बोटापासून त्या बोटापर्यंत. साडेपाच फूट धरा. दोन वाव म्हणजे अकरा फूट. तळ चार वावांवर, आणि मासा अर्ध्यावर तरंगत होता! क्रॉपीचे डोळे डोक्यात वरच्या बाजूला असतात. त्याला वरचं दिसतं, पोटाखालचं नाही. म्हणून आमिष माशाच्या वर हवं. पुन्हा सांगतो, माशाच्या वर, एखादा फूट.

काकांनी हात पसरून गळापासून दोन वाव दोरी मोजली आणि मनगटावरचा सत्यनारायणाचा लाल धागा सोडला. काकू म्हणाल्या, "अहो, निदान मास्यांक तरी नको!" काकांनी दोरीवर त्या धाग्याची गाठ मारली, थुंकी लावून आवळली, टोकं कापली. झाला स्टॉपर. खाली मणी, मग सरकता बॉबर, मग शिसं, मग गळ. दोरी सरसर जाते आणि धागा मण्याला टेकला की थांबते. दर वेळी बरोबर दोन वाव.

बॉबर बुडालाच नाही. आडवा पडला. मुलगा म्हणाला, वाऱ्याने पडला असेल. क्रॉपी आमिष घेऊन वर येते, शिशाचं वजन उचललं जातं, म्हणून बॉबर लोळतो. बॉबर आडवा, म्हणजे मासा. काकांनी ओळखलं, पण समुद्राच्या सवयीने असा हिसका दिला की नुसता ओठ फाटून गळ रिकामा आला. दुसराही तसाच गेला. क्रॉपीचं तोंड पापडाइतकं पातळ असतं. हिसका नाही, फक्त काठी वर उचलायची, आणि जाळीने घ्यायचं. तिसरा आला. दुपारपर्यंत बादलीत अकरा.

रात्री काकूंनी ते रवा-तिखट लावून तळले. इथले लोक मक्याच्या पिठात तळतात, पण रव्याची सर त्याला नाही, हे माझं ठाम मत.

वेळ संपत आली, नियम पटकन. लायसन्स सतरा वर्षं पूर्ण झालेल्या जवळपास प्रत्येकाला, भारतातून आलेल्या आईबाबांनाही. राज्याचा सर्वसाधारण नियम किमान दहा इंच, दिवसाला माणशी पंचवीस. पण लेक फोर्कवर कित्येक वर्षं डिसेंबर ते फेब्रुवारी उलटा नियम होता: लहान-मोठा, लागलेला प्रत्येक मासा ठेवायचा. कारण खोलातून वर काढलेल्या माशाचा वाताशय, म्हणजे पोटातली हवेची पिशवी, फुगतो, आणि सोडला तरी तो बहुधा वाचत नाही. म्हणून निघण्याआधी त्या वर्षीचा, त्याच तळ्याचा नियम वाचा. तेरा वर्षांखालच्या मुलांना चालत्या बोटीत लाइफ जॅकेट घातलेलंच हवं. परत निघताना रॅम्पवर बोटीचं बूच काढून सगळं पाणी सोडा, आणि उरलेले मिनो तळ्यात ओतू नका.