तालमीचा खुराक आणि जिममधलं पोट

(सोलापुरातल्या एका वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मागं आवाज येतोय ना? पंखे चालू राहू द्या, मी मोठ्यानं बोलते. एप्रिलात सोलापुरात पंखा बंद करून कुणी माझं ऐकणार नाही, हे मला माहीत आहे.

विषय दिलाय, वजनं उचलल्यावर काय खावं. माझ्याकडं येणारी दहातली आठ माणसं हाच प्रश्न घेऊन येतात, आणि त्यांना दोन गोष्टी एकदम हव्या असतात. दंड भरले पाहिजेत आणि पोट आत गेलं पाहिजे. दोन्ही होतं. पण त्यांच्या डोक्यात जे खाणं बसलेलं असतं, ते तालमीतलं असतं.

आपल्याकडं पेठेपेठेत तालीम होती, काही अजून आहेत. पहाटे जोर-बैठका, मग लाल मातीत लढत, संध्याकाळी पुन्हा तेच. त्या पैलवानाला खुराक लागायचाच. बदाम, खसखस, बडीशेप, मिरे वाटून केलेली थंडाई, वर म्हशीचं दूध, जेवताना तूप. त्याला वजन वाढवायचं होतं आणि तो दिवसाला तीन-चार तास अंग मोडून घेत होता. त्याचा हिशेब बरोबर होता. आपण त्याचा खुराक उचलला आणि मेहनत तालमीतच ठेवून आलो.

आता आपला हिशेब बघू. सत्तर किलोचा माणूस तासभर जिममध्ये असतो. त्यातला बराच वेळ दोन सेटच्या मधे बसण्यात जातो, थोडा मोबाईलमध्ये. खर्च होतात साधारण अडीचशे-तीनशे कॅलरी. घरी येऊन तो थंडाई घेतो. तीस बदामांच्या दोनशे, मोठा पेला म्हशीच्या दुधाच्या तीनशेच्या वर, चार चमचे साखरेच्या ऐंशी. झाल्या सहाशे. नंतर जेवण आहेच! व्यायाम केलाय म्हणून भाकरी एक जास्त.

हसू नका, मी स्वतः हे केलंय. आहारशास्त्राची पदवी भिंतीवर लावलेली आणि पहिल्यांदा जिम लावली तेव्हा तीन महिन्यांत माझं वजन दोन किलोनं वाढलं. तिथल्या ट्रेनरनं सांगितलं होतं, अर्ध्या तासात काही पोटात गेलं नाही तर सगळी मेहनत वाया. म्हणून मी पर्समध्ये केळी, खजूर, शेंगदाण्याची चिक्की घेऊन जायची आणि गाडीला किल्ली लावायच्या आधी संपवायची. भूक नसायची. भीती असायची.

त्या अर्ध्या तासाचं खरं-खोटं सांगते. २०१३ साली काही संशोधकांनी आधीचे बरेच प्रयोग एकत्र तपासले. व्यायामाच्या आगेमागे लगेच प्रोटीन घेणाऱ्यांना फायदा दिसत होता. पण ते लोक दिवसभरातही जास्त प्रोटीन खात होते. तो फरक हिशेबातून वजा केल्यावर वेळेचा फायदा जवळजवळ उरलाच नाही. वजनं उचलल्यावर स्नायूंची डागडुजी चोवीस तास, कधी त्याहूनही जास्त चालू असते. दुकान दिवसरात्र उघडं आहे, तुम्ही शटर पडायच्या आत पोहोचायचं म्हणून धावताय.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. चरबी कमी करायची असेल तर व्यायामानंतरचं खाणं हे वेगळं, वरचं खाणं नाही. नाश्ता किंवा जेवण जे तसंही होणारच होतं, तेच ते. फक्त त्यात प्रोटीन आधी मोजून घ्यायचं आणि बाकीचं त्याच्या बाजूनं बसवायचं.

प्रोटीनच का? तुम्ही कमी खाता तेव्हा शरीर चरबीबरोबर स्नायूही मोडायला काढतं. २०१६ साली कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात तरुण मुलांवर चार आठवड्यांचा एक प्रयोग झाला. सगळ्यांचं खाणं गरजेपेक्षा चाळीस टक्के कमी केलं आणि आठवड्यातून सहा दिवस कसून व्यायाम करून घेतला. एका गटाला शरीराच्या दर किलोमागं रोज १.२ ग्रॅम प्रोटीन, दुसऱ्याला २.४. पहिल्या गटाची चरबी सरासरी ३.५ किलोनं उतरली, दुसऱ्याची ४.८ किलोनं, आणि उपाशी असून दुसऱ्या गटात चरबी सोडून उरलेलं वजन किलोभर वाढलं. चाळीस टक्के कपातीची नक्कल घरी करू नका, त्या मुलांवर लक्ष ठेवायला माणसं होती. पण दिशा कळते. तुमच्या-आमच्यासाठी किलोमागं १.६ ग्रॅमच्या आसपास पुरे. वजन फारच जास्त असेल तर आजच्या नव्हे, जिथं पोहोचायचंय त्या वजनावर हिशेब करा. सत्तर किलोला एकशेबारा ग्रॅम. तीन-चार वेळच्या खाण्यात वाटलं की दर वेळी तीसच्या आसपास.

आता हे टेबलावर काय आहे ते बघा. वजनकाटा, घरगुती. आणि हा डबा, वास आलाच असेल. शेंगाची चटणी. पुढच्या रांगेतल्या काकू, तुम्ही या. रोज ताटात घेता तेवढी या वाटीत घाला. लाजू नका. ...बघा, पंचेचाळीस ग्रॅम. आणि बोटाला काय लागलं? तेल. वरून घातलेलं नाही, कुटताना दाण्यातून सुटलेलं आहे.

सोलापुरात मला सगळ्यात जास्त वेळा ऐकायला मिळणारं वाक्य म्हणजे, "मॅडम, प्रोटीनसाठी मी शेंगाची चटणी खातो." दाण्यात प्रोटीन आहे, शंभर ग्रॅमला पंचवीस. पण तेवढ्यातच जवळपास पन्नास ग्रॅम तेल आहे. काकूंच्या या वाटीत प्रोटीन अकरा ग्रॅम, कॅलरी अडीचशे. तेच अकरा ग्रॅम कोंबडीच्या सोललेल्या छातीच्या मांसातून पन्नास-साठ कॅलरीत येतं. चटणी सोडा असं मी म्हणत नाही. मला माझ्याच गावात राहायचंय. एक चमचा घ्या, चवीला म्हणून घ्या. तिला प्रोटीन म्हणू नका.

कडक भाकरीचंही तसंच. पाणी उडालेलं असतं म्हणून हाताला हलकी लागते, पापडासारखी मोडत मोडत दोन-तीन कधी संपतात कळत नाही. मऊ भाकरीनं निदान पोट भरल्याचं समजतं. बाकी भाकरीला घाबरायचं कारण नाही. मालदांडी ज्वारीची एक भाकरी म्हणजे सव्वादोनशे कॅलरी आणि सहा-सात ग्रॅम प्रोटीन. व्यायामात स्नायूंमधली साठवलेली साखर थोडी खर्च होते, ती पुढच्या जेवणांत सावकाश भरून येते. दिवसातून दोनदा कसून व्यायाम करणाऱ्यालाच घाई असते.

मग तीस ग्रॅम आणायचे कुठून? अंडी खाणाऱ्यांना सोपं आहे. दोन अख्खी आणि चार-पाच पांढरे, झालं. कोंबडी असेल तर कच्ची दीडशे ग्रॅम, हाडाशिवाय. तर्री मात्र वाटीत ओतून पिऊ नका. शाकाहारी माणसाला खरी कसरत आहे. आपल्या आमटीत बोट बुडवलं तर डाळ लागत नाही. घट्ट वरणाच्या वाटीत सहा ग्रॅम, पातळ आमटीत तीन. म्हणून सोयाबीनच्या वड्या. कोरड्या पन्नास ग्रॅम मोजा, गरम पाण्यात भिजवा, दोनदा घट्ट पिळा म्हणजे तो वास जातो, मग कांदा-लसूण आणि काळ्या मसाल्यात परता. पंचवीस-सव्वीस ग्रॅम प्रोटीन, पावणेदोनशे कॅलरी. बरोबर एक भाकरी, वाटीभर दही, काकडी. पनीर चांगलं, पण दुकानातलं भरपूर तुपकट असतं. गाईच्या, साय काढलेल्या दुधाचं घरी करा. आणि ज्या व्हे पावडरला सासूबाई 'औषध' म्हणतात, ती चीज केल्यावर दुधातून उरणाऱ्या पाण्यातलं प्रोटीन वाळवून केलेली भुकटी असते. परवडत असेल तर घ्या, नसेल तर काही अडत नाही.

माझ्याकडं एक यंत्रमाग कामगार येतात. दुसऱ्या पाळीला जायच्या आधी सकाळी जिम, मग घरी झोप, बाराला जेवण. त्यांना काळजी की मधे काही खाल्लं नाही. रात्रीचं जेवण नीट झालं होतं, बाराचं नीट होणार होतं. मी फक्त जेवणात वड्या वाढवल्या आणि रोजची क्रीमची बिस्किटं काढली. रात्री नऊला व्यायाम करणाऱ्यांनाही तेच सांगते. घरी येऊन जेवा. रात्री खाल्लं म्हणून भाकरीची चरबी होत नाही, दिवसभराचं जास्त झालं की होते.

जिममधून आल्यावर काटा किलोभर कमी दाखवतो, तो घाम आहे. बेचाळीस डिग्रीत आणखी जास्त जाईल. मीठ घातलेलं ताक प्या, उसाचा रस नको. वजन सकाळी उठून, पोट साफ झाल्यावर करायचं.

किडनीचा त्रास असेल तर प्रोटीन वाढवायच्या आधी डॉक्टरांना विचारा. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी गोळी चालू असेल तर व्यायामानंतर उपाशी राहू नका, तुम्हाला हे सगळं वेगळं लागू होतं, मला नंतर भेटा.

कोपऱ्यातला दादा विचारतोय, जानेवारीत हुरड्याला जायचं की नाही. जायचं. हुरडा पोटभर खा, ते त्या दिवशीचं जेवण समजा. आणि चटणीचा डबा शेजारच्याजवळ ठेवायला सांगा.

वजनकाटा मी अर्धा तास इथंच ठेवतेय. डबे आणले असतील तर एकेक करून या आणि आपापली चटणी मोजा. हात धुवायला नळ मागच्या बाजूला आहे.