पतंगाचं नाक वेगळं, आपलं वेगळं

पावसाळ्यात तापीला गढूळ पाणी आलं की त्यात डोळ्यांना फारसं काम उरत नाही. तरी शिंगाळा आपलं भक्ष्य बरोब्बर गाठतो. त्याच्या लांब मिशा पाहा. आपल्या जिभेवर असतात तशा रुचिकलिका या मिशांवर असतात, आणि अंगभरही पसरलेल्या असतात. हा मासा कातडीनं चव घेतो.

(नंदुरबारच्या पथारीवर वाळणाऱ्या मिरचीचा ठसका मात्र चवीत मोडत नाही. मिरची आपल्या तोंडातला उष्णतेचा ग्राही, म्हणजे पेशीवरचं संवेदना टिपणारं प्रथिन, चेतवते. पक्ष्यांमधला तोच ग्राही तिला दाद देत नाही, म्हणून पोपट तिखटजाळ मिरची खुशाल खातो.)

भोवतालची रसायनं ओळखण्याची कला प्राण्यांहूनही जुनी आहे. जीवाणूला ना नाक, ना जीभ. तरी तो साखरेच्या दिशेनं पोहत जातो. पुढे वेगवेगळे जीव पाण्यातून जमिनीवर आले आणि हवेतला गंध टिपायची सोय ज्यानं त्यानं आपापली केली.

लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९९१ साली सस्तन प्राण्यांचे गंधग्राही शोधले. २००४ साली त्यांना नोबेल मिळालं. कीटकांत मात्र निघाले ते निराळ्याच घराण्यातले! पेशीच्या पडद्यात आपल्या ग्राहींच्या उलटे बसलेले, आणि कीटकांच्याच चवीच्या ग्राहींतून उपजलेले. म्हणजे नाक एकदाच घडलं आणि सगळ्यांना वाटलं गेलं, असं झालंच नाही.

आता कपाशीच्या शेतात चला. गुलाबी बोंडअळीचा हा नर पतंग. डोक्यावर मिशांसारख्या दोन शृंगिका, त्यांवर अतिसूक्ष्म रोम, आणि रोमांना छिद्रं. मादीच्या गंधाचा रेणू छिद्रातून आत शिरतो, आतल्या द्रवातून ग्राहीपर्यंत पोचतो, की चेतापेशी जागी होते आणि पतंग वाऱ्याच्या उलट दिशेनं उडू लागतो. जळगाव-धुळ्याकडचे शेतकरी कामगंध सापळे लावतात ते याच वेडावर. सापळ्यातली ल्यूर म्हणजे मादीच्या गंधाची हुबेहूब रासायनिक नक्कल. तिचा आपल्याला काहीच अर्थ लागत नाही; नर मात्र अंधारातून तिच्याकडे येतो आणि अडकतो. सलग तीन दिवस एकेका सापळ्यात आठ-दहा पतंग सापडले, की उपाय करायची वेळ झाली असं शेतकरी समजतो.