नवऱ्याचे रक्त कोण तपासणार?

बोटातून काढलेला रक्ताचा थेंब काचनळीतल्या द्रावणात मिसळतात आणि नळीमागे काळ्या रेघांचा कागद धरतात. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या, तर त्या रक्तात सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे हिमोग्लोबिन आहे. मात्र माणूस नुसता वाहक आहे की आजारी, हे ही नळी सांगत नाही; त्यासाठी हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही तपासणी करावी लागते आणि मग कागदावर ‘एएस’ किंवा ‘एसएस’ असे लिहून येते.

एएस म्हणजे वाहक. त्याला बहुधा काहीच त्रास नसतो, दिवसभर तो धानाच्या बांधीत राबतो. पण नवरा-बायको दोघेही एएस असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळ एसएस, म्हणजे आजारी, होण्याची शक्यता २५ टक्के असते. पहिले मूल निरोगी निघाले म्हणून पुढच्या वेळी ती कमी होत नाही. एसएस लेकराची हाडे आणि सांधे रात्र-रात्र ठणकतात, जंतुसंसर्ग लवकर होतो, कित्येकांना वरचेवर रक्त चढवावे लागते.

१ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या सिकलसेलविरोधी राष्ट्रीय मोहिमेने ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांच्या तपासणीचे लक्ष्य ठेवले. हे काम मोलाचे आहे, पण गडचिरोली-चंद्रपूरच्या गावांत खरी अडचण पुढे येते. आशाताई गरोदर बाईचे नाव नोंदवते, तिचे रक्त तपासले जाते, ती एएस निघते. आणि नवरा तेव्हा तेलंगणात मिरची तोडायला गेलेला असतो. तो परतेपर्यंत मोलाचे आठवडे निघून जातात. सोयरीक ठरतानाच दोघांचीही तपासणी झाली असती तर ही वेळ आली नसती. मात्र त्या कागदावरून एकट्या मुलीलाच नकार मिळू नये, याची काळजी गावानेही घ्यायला हवी.

दोघेही वाहक असतील, तर साधारण अकराव्या आठवड्यापासून वारेचा सूक्ष्म अंश काढून गर्भाचा डीएनए तपासता येतो. गर्भलिंग निदानाला मनाई करणारा १९९४ चा कायदा हिमोग्लोबिनच्या आनुवंशिक आजारांसाठी नोंदणीकृत केंद्रात अशा तपासणीला परवानगी देतो. अहवालानंतर काय करायचे, हे त्या जोडप्याने ठरवायचे, दुसऱ्या कोणीही नाही.

गर्भाच्या या तपासणीसाठी गरोदर बाईने रोजी बुडवून मोठ्या शहरापर्यंत जाण्याची गरज नाही. नमुना जिल्हा रुग्णालयात काढून प्रयोगशाळेकडे पाठवता येतो. तिथे हवा तो प्रशिक्षित स्त्रीरोगतज्ज्ञ, आणि आलेला अहवाल गोंडी किंवा माडियातून नवरा-बायकोला सोबत बसवून समजावणारा समुपदेशक.