तांबड्या पेशींना दिलेलं नवं काम

श्रोतेहो, नमस्कार.

डायलिसिस म्हणजे काय, हे आज गोव्यात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. कुणाचा काका, कुणाची शेजारीण आठवड्यातून दोन-तीनदा रुग्णालयात जाऊन चार तास त्या यंत्राला जोडलेली असते. रक्त नळीने बाहेर येतं, गाळलं जातं आणि परत अंगात जातं. आज ज्या उपायाबद्दल बोलणार आहे, त्यात रुग्णाला असं यंत्राला जखडून राहावं लागत नाही. विष मोडणारं एन्झाइम, म्हणजे रासायनिक बदल घडवणारं प्रथिन, रुग्णाच्या तांबड्या पेशींतच भरायचं, त्या पेशी त्याला परत द्यायच्या आणि सफाई त्यांच्यावर सोपवायची. कल्पना नवी नाही, तिला पन्नास वर्षं उलटून गेली आहेत.

या कामाला तांबडी पेशीच का निवडली, ते आधी सांगतो. ही पेशी जेमतेम सात-आठ मायक्रॉन रुंदीची. तयार होताना ती आपलं केंद्रक टाकून देते, त्यामुळे आत जागा मोकळी. ती साधारण १२० दिवस जगते आणि तेवढे दिवस सगळ्या शरीरात फिरत राहते. शिवाय सफाईची तिला मुळात सवय आहे. हायड्रोजन पेरॉक्साइड मोडणारं कॅटलेज तिच्यात भरपूर असतं. आपण शाळेत तिला फक्त प्राणवायूची हमाल म्हणून शिकवतो, हा तिच्यावर थोडा अन्यायच आहे.

आता एन्झाइम आत भरायचं कसं? पेशीला भोक पाडलं तर ती फुटेल. इथे मिठाचा हिशेब कामी येतो. कैऱ्यांच्या दिवसांत आपल्याकडे तोर मिठात घालून चेपणी करतात, तेव्हा तोराचं पाणी बाहेर येतं आणि तो आक्रसतो. प्रयोगशाळेत याच्या नेमकं उलट करतात. रुग्णाचं रक्त घेऊन पेशी धुतात, एन्झाइमच्या द्रावणात मिसळतात आणि थंड तापमानात, बाहेरच्या पाण्यातलं क्षाराचं प्रमाण कमी करतात. पाणी आत शिरतं, पेशी फुगून गोल होते, तिचं आवरण ताणलं जातं आणि त्यात बारीक छिद्रं उघडतात. तेवढ्या वेळात थोडं हिमोग्लोबिन बाहेर जातं आणि थोडं एन्झाइम आत येतं. मग क्षार पुन्हा वाढवायचे, तापमान ३७ अंशांवर आणायचं, की छिद्रं मिटतात. एन्झाइमचा रेणू मोठा असल्यामुळे तो आतच अडकतो. सगळ्या पेशी यातून धड बाहेर पडत नाहीत, काही फुटतात, काही अशक्त होतात. अशक्त पेशी प्लीहा आणि यकृत लगेच ओळखतात आणि गिळून टाकतात.

गंमत म्हणजे, सुरुवातीला हे गिळणंच हवं होतं. १९७३ मध्ये अमेरिकेत गॅरेट इलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तांबड्या पेशींत एन्झाइम भरून दाखवलं, तेव्हा डोळ्यांसमोर होते गोशेसारखे आनुवंशिक आजार. त्यांत यकृत आणि प्लीहेतल्या भक्षक पेशींत चरबीसारखा पदार्थ साचत जातो. भरलेली तांबडी पेशी त्यांनी खाल्ली, की एन्झाइम आपोआप योग्य जागी पोचणार. १९७७ मध्ये अर्नेस्ट ब्यूटलर यांच्या गटाने गोशेच्या रुग्णावर हा प्रयोग केलाही. पुढे त्या आजारासाठी दुसरी, सोपी औषधं आली. पेशी खाऊ न देता फिरती ठेवायची, हा विचार मात्र टिकला.

एन्झाइम सरळ शिरेतून का देत नाही, असं तुम्ही विचाराल. देतात, पण ते बहुतेकदा जिवाणूंपासून बनवलेलं असतं. शरीर त्याला परकं मानतं, त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं, आणि काही तासांत किंवा दिवसांत ते नाहीसं होतं. कधी जोराची अॅलर्जीही होते. पेशीच्या आत दडलेलं एन्झाइम प्रतिकारशक्तीच्या नजरेला पडत नाही.

याचं मला सगळ्यात पटलेलं उदाहरण एका फार दुर्मीळ आजाराचं आहे. त्याचं लांबलचक नाव सोडून देऊ. या रुग्णांच्या शरीरात थायमिडीन फॉस्फोरिलेज नावाचं एन्झाइम जन्मतः काम करत नाही. त्यामुळे थायमिडीन रक्तात साठतं. ते तसं विष नव्हे, आपल्या प्रत्येकाच्या डीएनएचा तो घटक आहे. पण त्याचा अतिरेक झाला, की पेशींना ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकाँड्रियाचा डीएनए बिघडतो. आतडी हलेनाशी होतात, पोट दुखतं, उलट्या होतात, माणूस वाळत जातो, हातापायांच्या नसा कमजोर होतात. लंडनच्या सेंट जॉर्जेसमध्ये ब्रिजेट बॅक्स यांच्या गटाने अशा रुग्णांना एन्झाइम भरलेल्या त्यांच्याच पेशी दिल्या. तांबड्या पेशीच्या आवरणावर थायमिडीन आत घेणारं दार आधीपासून असतंच. थायमिडीन त्या दारातून आत येतं, तिथे त्याचे दोन तुकडे होतात, त्यातलं थायमिन पुन्हा बाहेर पडतं. एन्झाइम जागचं हलत नाही, विषच चालत त्याच्यापाशी येतं. या उपायाचं सगळं मर्म इथे आहे, आणि त्याची मर्यादाही इथेच आहे.

कारण विष आत शिरलं नाही, तर काहीच होत नाही. सायनाइडचा रेणू इवलासा, तो सहज शिरतो. ऱ्होडेनेज हे एन्झाइम भरलेल्या पेशींनी उंदरांना सायनाइडपासून संरक्षण मिळालं. पण ऱ्होडेनेजला कामासाठी गंधक लागतं, आणि ते देणारं नेहमीचं थायोसल्फेट पेशीच्या आवरणातून नीट जात नाही. म्हणून आत शिरू शकतील अशी गंधकाची दुसरी संयुगं शोधावी लागली. कीटकनाशकांच्या ऑर्गॅनोफॉस्फेट कुळातल्या पॅराऑक्सॉनवरही उंदरांमध्ये असे प्रयोग यशस्वी झाले आहेत.

आणि हो, दारूवरही. हुर्राकाच्या मोसमात हे ऐकून कुणाचे कान टवकारले असतील, तर सांगतो, अल्कोहोल मोडणारी दोन एन्झाइमं भरलेल्या पेशी उंदरांना देऊन पाहिल्या आहेत आणि त्यांच्या रक्तातलं अल्कोहोल मोडलं गेलं. माणसाच्या फेणीवर हा उतारा येईल, अशी आशा धरू नये. माझ्या मते खरं मोल मिथेनॉलवरच्या अशाच प्रयोगांचं आहे. भेसळीच्या दारूतलं मिथेनॉल यकृतात फॉर्मिक आम्ल बनतं आणि दृष्टी घेऊन जातं.

साप चावल्यावर याचा उपयोग होईल का? नाही. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, यांच्या विषातली प्रथिनं मोठी असतात. ती तांबड्या पेशीच्या आत येतच नाहीत. तिथे घोड्याच्या रक्तापासून बनवलेली प्रतिविषाची लसच हवी, आणि तीही लवकर.

तातडीच्या विषबाधेत आणखी एक अडचण आहे. रुग्णाचं रक्त घ्या, पेशी धुवा, भरा, तपासा, परत द्या, यात काही तास जातात. कीटकनाशक प्यायलेल्या माणसाकडे तेवढे तास नसतात. ओ निगेटिव्ह रक्ताच्या पेशी आधीच भरून रक्तपेढीत ठेवता येतील, पण साठवलेल्या पेशी चाळीसेक दिवसांतच बाद होतात. क्वचित लागणाऱ्या गोष्टीसाठी हा खर्च कुणी करील असं मला वाटत नाही. म्हणून मी या उपायाकडे आजन्म चालणाऱ्या, हळूहळू विष साठवणाऱ्या आजारांचा उपाय म्हणून बघतो.

फेनिलकीटोन्युरिया हा तसाच एक आजार. त्यात फेनिलअॅलॅनिन हे अमिनो आम्ल मोडत नाही आणि बाळाच्या मेंदूला इजा होते. २००८ मध्ये गोव्यात नवजात बाळांच्या टाचेतून रक्त घेऊन अशा आजारांची तपासणी सुरू झाली, तेव्हा हे नाव आपल्याकडे ऐकू येऊ लागलं. अशा मुलाला दूध, डाळ, अंडी, मासळी, सगळंच मोजून द्यावं लागतं. गोव्यातल्या घरात मुलाच्या ताटात मासळी वाढायची नाही, हे आईला किती जड जात असेल! फेनिलअॅलॅनिन मोडणारं एन्झाइम तांबड्या पेशींत घालण्याचे प्रयत्न अमेरिकेत झाले, पण ते अर्ध्यावर थांबले. फ्रान्समधल्या एका कंपनीने अॅस्पॅराजिनेज हे एन्झाइम भरलेल्या पेशी स्वादुपिंडाच्या कर्करोगावर मोठ्या चाचणीत वापरून पाहिल्या. २०२१ मध्ये निकाल आला, रुग्णांचं आयुष्य वाढलं नव्हतं. त्यात पेशींचा दोष किती आणि निवडलेल्या रोगाचा किती, हा प्रश्न उरतोच. मला दुसरी बाजू जास्त खरी वाटते.

तेव्हा बांबोळीच्या किंवा मडगावच्या रुग्णालयात जाऊन आज कुणी हा उपचार मागू नये, तो अजून तिथे पोचलेला नाही. कुळागरात किंवा भाजीच्या मळ्यात फवारायचं औषध चुकून कुणाच्या पोटात गेलं, तर १०८ ला फोन करा, घरी उलटी करवू नका, आणि औषधाचा डबा लेबलासकट डॉक्टरांकडे न्या. लेबलावरचं नाव कळलं, की कोणता उतारा द्यायचा ते त्यांना लवकर ठरवता येतं.

नमस्कार.